नाभीचे देणे

नागपूरहून छिंदवाड्याच्या सडकेने सुमारे ७० किलोमीटर गेले म्हणजे सौंसर तालुक्यात जामसांवली हे हनुमंताचे जागृत स्थान लागते. हा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला व सौंसर त्यात समाविष्ट झाले. राज्याच्या सीमा अशा सरकल्या, तरी येथील घरांतील बोली, ओव्या, पोळा आणि पंगती मराठीच राहिल्या. आमच्या थोरल्या आत्याबाई लग्न होऊन या भागात आल्या, त्यामुळे गोमंतकातील आमच्या घराण्याचा या दूरच्या प्रदेशाशी ऋणानुबंध जडला आणि जामसांवलीचे दर्शन आम्हांस वारंवार घडत गेले.

जामसांवलीचा हनुमंत उभा नाही. त्याच्या हाती पर्वत नाही आणि पायाखाली राक्षसही नाही. पिंपळाच्या सावलीत तो निजलेला आहे. ही मूर्ती स्वयंभू आहे अशी भाविकांची श्रद्धा असून तिच्या नाभीतून पाझरणारे जल तीर्थ म्हणून घेतले जाते. दुखणाईत माणसे, त्यांचे आप्त, लेकरू कडेवर घेतलेल्या माता तेथे दिवसचे दिवस राहतात आणि ते तीर्थ घेतात. त्या जलाची मीमांसा करण्याचा आमचा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. मात्र दर खेपेस एक गोष्ट मनात येते. नाभी हे आपल्या शरीरावरचे आईचे उरलेले एकमेव चिन्ह होय. जन्मापूर्वी तेथून आपण घेतच होतो. जन्मल्यावर ते द्वार मिटले. देवाच्या ठायी मात्र नाभी ही घेणारी नसून देणारी आहे. शेषशायी विष्णूच्या नाभीतून कमळ उगवले व त्यावर ब्रह्मदेव प्रकटला असे पुराणे सांगतात, आणि येथे निजलेल्या मारुतीच्या नाभीतून आजाऱ्यासाठी तीर्थ येते. मनुष्याच्या नाभीलाही असे काही देता येईल काय, हा प्रश्न आम्हांस पूर्वी केवळ काव्यातला वाटत असे. आता तो रुग्णालयातला झाला आहे, आणि त्याविषयीच आज वाचकांशी थोडे बोलावयाचे आहे.

आपल्या भाषेत नाळेला मोठा मान आहे. दोन माणसांचे मन मिळाले की त्यांची 'नाळ जुळली' असे आपण म्हणतो. गाव सुटून पिढ्या लोटल्या तरी 'नाळ तुटली नाही' असे अभिमानाने सांगतो, आणि 'माझी नाळ येथे पुरली आहे' एवढ्या एका वाक्यात जन्मभूमीवरील हक्क सिद्ध होतो. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हे. जुन्या घरांत बाळंतपण होई तेव्हा मूल आले की सुईण वार पडण्याची वाट पाही. वार पूर्ण पडली की नाही हे ती बारकाईने पाहून घेई, कारण तिचा तुकडा आत राहिला तर बाळंतिणीच्या जिवावर बेतते हे तिला अनुभवाने ठाऊक असे. मग हळदकुंकू वाहून ती वार परसात किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात खोल खड्ड्यात पुरली जाई, आणि कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला जाई. पाचवीची पूजा आणि बारसे यांइतकाच तो विधी घराला महत्त्वाचा वाटे.

शास्त्रकारांनीही या वस्तूंची दखल घेतली आहे. आयुर्वेदात वारेला 'अपरा' म्हणतात आणि मातेच्या शरीरातील रस गर्भाच्या नाभिनाडीवाटे त्याच्यापर्यंत पोचतो असे सांगितले आहे. गर्भाभोवतीच्या पातळ पिशवीला 'उल्ब' हे नाव आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धुराने झाकलेला अग्नी आणि मळाने झाकलेला आरसा यांच्या जोडीला उल्बाने वेढलेल्या गर्भाचा दृष्टान्त आलेला आहे, हे नित्यपाठ करणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. धर्मशास्त्रात जातकर्म हा संस्कार नाळ कापण्यापूर्वी करावयाचा असून नाळ कापल्यानंतर सुतक लागते असा निर्णय आहे. म्हणजे नाळ जोडलेली असेपर्यंतचा तो क्षण आपल्या पूर्वजांनी शुद्ध मानला होता. विटाळाची कल्पना त्यानंतरची आहे.

आता प्रसूती घरी होत नाहीत, आणि माता व बाळ यांच्या दृष्टीने ही इष्टच गोष्ट झाली. परंतु वारेचे काय झाले, हे विचारावयास कोणी थांबत नाही. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार शरीरापासून निराळे झालेले मानवी अवयव व ऊती पिवळ्या पिशवीत जातात आणि तेथून भट्टीत. ज्या दूरच्या गावांना सामाईक भट्टीची सोय नाही तेथे खोल पुरण्याची मुभा आहे. म्हणजे कायद्याने सुईणीची जुनी रीत आडमार्गाने का होईना मान्य केली आहे. नियम आवश्यक आहेत यात शंका नाही, कारण रक्ताने भरलेली वस्तू उघड्यावर पडली तर रोग पसरतील. पण नऊ महिने ज्या अवयवाने बाळाला श्वास दिला, अन्न दिले, मळ वाहून नेला, त्याची गणना अखेर कचऱ्यात होते.

हिशेब करून पाहिला तर मन थक्क होते. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. तिचा व्यास वीतभर असतो, आणि नाळेची लांबी साधारण ५० सेंटिमीटर. आपल्या देशात वर्षाला सुमारे सव्वादोन ते अडीच कोटी बालके जन्माला येतात. म्हणजे दरसाल अकरा-बारा हजार टन वार भट्टीत तरी जाते किंवा मातीत तरी जाते. शेणाची गोवरी, उसाचे चिपाड आणि धानाचा तूसही वाया न घालवणाऱ्या समाजात एवढी वस्तू निरुपयोगी ठरते, यावर विचार करावयास हवा.

वारेत आणि तिच्या आवरणांत असे आहे तरी काय? तीत रक्त आहे, पेशी आहेत, नाना प्रकारचे रस आहेत, परंतु तिला आकार आणि बळकटी देणारे द्रव्य म्हणजे कोलॅजेन. हे नाव ग्रीक भाषेतील सरसवाचक शब्दावरून आले. आपला सुतार लाकूड जोडण्यासाठी जो सरस उकळतो तो जनावरांच्या कातड्या-हाडांतील हेच द्रव्य शिजवून केलेला असतो. मनुष्यदेहातील एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजेनचा आहे. त्वचा, अस्थी, स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, डोळ्याचे पारदर्शक पटल, या साऱ्यांचा ताणाबाणा त्यानेच विणलेला असतो. जखम भरते म्हणजे काय होते? शरीर तेथे नवे कोलॅजेन विणते.

या द्रव्याची अंतर्रचना उलगडण्याचा मान एका भारतीयाकडे जातो, हे आपल्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्या सहकार्याने असे दाखविले की कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांची एकमेकींत वळलेली वेणी आहे, आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन नावाचा सर्वांत लहान घटक बसलेला असतो, कारण वेणीच्या आतील अरुंद जागेत तोच मावतो. या संशोधनासाठी लागणारे कोलॅजेनचे नमुने त्यांना शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाले होते. कातडी कमावण्याच्या विद्येला आपण किती काळ कमी लेखले! त्याच विद्येच्या अंगणातून जीवशास्त्रातील एक मोठा शोध बाहेर पडला.

वारेतून कोलॅजेन वेगळे काढण्याची कृती वाचताना आम्हांस द्रोणागिरीची कथा आठवली. हनुमंताला संजीवनी ओळखता आली नाही, म्हणून त्याने पर्वतच उचलून आणला. त्यातून औषधी निवडण्याचे काम सुषेण वैद्याचे होते. वार हा असाच पर्वत होय. प्रथम ती थंड मिठाच्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन रक्त काढून टाकतात. मग बारीक चिरून व वाटून ती सौम्य ॲसेटिक आम्लात घालतात. हे आम्ल म्हणजे शिरक्यातील आंबटपणाच. त्यात पेप्सिन मिसळतात. पेप्सिन हा आपल्या जठरातील पाचक रस आहे; तो इतर प्रथिने तोडतो, वेणीच्या दोन्ही टोकांचे सुटे धागेही कापतो, परंतु घट्ट वळलेल्या वेणीला त्याचे दात लागत नाहीत. हे सारे सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात एक-दोन दिवस चालते, कारण उष्णता लागली की वेणी उलगडते आणि कोलॅजेनचा नुसता सरस होतो. पुढे द्रव वेगाने फिरवून चोथा निराळा करतात आणि त्यात मिठाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवितात. ताकातून लोणी वर यावे तसे प्रत्येक टप्प्याला कोलॅजेनचा एकेक प्रकार साक्यासारखा निराळा होतो. शेवटी मीठ काढून, गोठवून, निर्वात जागी सुकविले की पांढरा, कापसासारखा हलका पदार्थ हाती येतो.

'प्रकार' म्हणण्याचे कारण असे की कोलॅजेन एक नाही. आजवर त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत. त्यांतील पहिला, तिसरा, चौथा व पाचवा हे वारेत मिळतात. पाचवा प्रकार तर १९७६ साली मानवी गर्भावरणांतूनच प्रथम ओळखला गेला. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो त्यानेच शास्त्रज्ञांना शरीराच्या विणकरीतील एक अज्ञात धागा दाखविला. यापासून जखमेवरचे पापुद्रे, स्पंजासारखी पटले, पेशी वाढविण्याच्या गाद्या तयार करता येतात.

परंतु प्रत्येक वेळी एवढा खटाटोप करावाच लागतो असेही नाही. गर्भाभोवतीची आतली पिशवी, म्हणजे आपले उल्ब, हा निसर्गाने आधीच विणून ठेवलेला कोलॅजेनचा पापुद्रा आहे. तीत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. भाजलेल्या अंगावर तो पसरला तर त्वचेतून वाहून जाणारे पाणी थांबते, जंतूंना अटकाव होतो, उघड्या मज्जातंतूंवर पांघरूण पडल्याने वेदना उतरतात, आणि खाली नवी त्वचा येऊ लागली की तो आपोआप सुटून येतो. परक्याचा असूनही शरीर त्याला सहसा झिडकारीत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद डेव्हिस यांनी १९१० मध्ये गर्भावरणांचा त्वचारोपणासाठी उपयोग केल्याची नोंद आहे. १९४० मध्ये ते डोळ्यांसाठी वापरले गेले, मध्यंतरी मागे पडले, आणि १९९५ नंतर नेत्रवैद्यांनी पुन्हा हाती घेतले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या पापुद्र्यावर डोळ्याच्या पेशी वाढवून त्या भाजलेल्या डोळ्यावर बसविण्याचे काम २००१ पासून झाले. विड्याच्या चुन्याची पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना जातो आणि दृष्टी गमावण्याची पाळी येते, हे पानदान असलेल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रात या कार्याचे माहेर मुंबईत आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी तिची धुरा अनेक वर्षे वाहिली. तेथे मातांनी दिलेल्या वारांपासून उल्ब सोडवून, धुऊन, गोठवून सुकवितात आणि पाकिटात बंद केल्यावर गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. वैद्यकीय वस्तू अशा रीतीने निर्जंतुक करण्याचे 'आयसोमेड' हे केंद्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ मध्ये उभारले होते. किरणांची सर्वसाधारण मात्रा २५ किलोग्रे असते. ज्या अणूच्या नावाने जगाचा थरकाप होतो, तोच येथे एखाद्या पोळलेल्या लेकराच्या पांघरुणाची राखण करतो.

आता थोडे घरातले. आमच्या आत्याबाईंना सारे घर 'बाय' म्हणते. वय नव्वदीच्या घरात, पण स्मरण शाबूत. आमची एक पुतणी मुंबईस असते. तिच्या बाळंतपणाच्या वेळी आठव्या महिन्यात प्रसूतिगृहाने तिच्यापुढे एक कागद ठेवला. वार व आवरणे ऊतिपेढीस देण्याची संमती आहे काय, असे त्यात विचारले होते. नाही म्हटल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही, असेही त्यात स्पष्ट होते. पुतणीने सौंसरला फोन लावला. बायचे उत्तर तिच्या माहेरच्या कोंकणीत आले: "वार म्हळ्यार भुरग्याचें पयलें आंगलें. तें कोयरांत उडोवचें न्हय, आनी परक्याक दिवचेंय न्हय." बाळाचे ते पहिले अंगडे आहे, ते कचऱ्यात टाकू नये आणि परक्याला देऊही नये, हा तिचा निवाडा.

घरातील तरुण मंडळी तिच्याशी वाद घालू लागली; शास्त्राची आणि विज्ञानाची प्रमाणे दोन्हीकडून फेकली जाऊ लागली. पुतणीने मात्र वाद घातला नाही. उल्ब कशासाठी लागते एवढे तिने सांगितले: भाजलेल्या जागेवर ते ठेवले की पट्टी रोजच्या रोज ओरबाडून काढावी लागत नाही. हे ऐकून बाय बराच वेळ गप्प राहिली. आम्हांस तिच्या मौनाचे कारण ठाऊक होते. साठ वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या जावेच्या अंगावर स्टोव्हचा भडका उडाला. ती तेवीस वर्षांची होती. अकरा दिवस ती रुग्णालयात होती आणि बाय तिच्या उशाशी. रोज सकाळी चिकटलेली जाळीची पट्टी सोडवीत तेव्हा ती जो टाहो फोडी, तो बायच्या कानांतून कधी गेला नाही. दिवाळीत मुलांच्या हाती फुलबाजी दिसली तरी ती आजही आत निघून जाते. तिने पुतणीला एवढेच विचारले, "तेव्हा हे होते काय?" त्या गावात तेव्हा तसे काही नव्हते, असे तिला सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी बायचाच फोन आला. "आंगलें दुसऱ्या भुरग्याक दितातच न्हय गो!" आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसांत कोरे कापड घालीत नाहीत, नात्यातील सुदृढ मुलाचे वापरलेले मऊ अंगडे मागून आणून घालतात. अंगडे एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाते यात दोष नाही. उलट तो आशीर्वादच समजला जातो. बायने आपल्याच रूढीच्या पोटातून वाट काढली. तिची एक अट होती, 'नाळ तेवढी घरी यावी.' आणि ही अट पुरी करणे अगदी सोपे होते. वारेबरोबर जाते ती नाळेची मोठी लांबी. बाळाच्या बेंबीला चिकटलेले बोटभर टोक सुकते आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते. पुतणीच्या बाळाचे ते आठव्या दिवशी पडले. बारशाला सौंसरहून आलेल्या मंडळींबरोबर ते परत गेले आणि तुळशीवृंदावनाशेजारी पुरले गेले. वार कोणाला लागली हे कळले नाही, आणि कळूही नये. आपले शास्त्र ज्याला गुप्तदान म्हणते ते याहून निराळे नसावे.

या विषयाला दुसरीही बाजू आहे आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फ्रान्समध्ये लियाँ येथील मेरिए संस्था अनेक दशके युरोपातील प्रसूतिगृहांतून गोठविलेल्या वारा गोळा करी आणि त्यांतून औषधी प्रथिने व कोलॅजेन काढी. गोशे नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक रोगावर अमेरिकेत १९९१ मध्ये मान्य झालेले विकर वारांपासूनच मिळे. एका रुग्णाच्या एका वर्षासाठी सुमारे वीस हजार वारा लागत. कित्येक जीव त्याने वाचविले. पण ज्या मातांच्या त्या वारा, त्यांतील पुष्कळींना याची कल्पनाही नव्हती. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांचे भय वाढले, तेच विकर १९९४ पासून प्रयोगशाळेतील पेशींकडून करवून घेता येऊ लागले, आणि वारा जमविण्याचा तो मोठा व्यवहार थांबला. यातून दोन धडे निघतात. पहिला असा की न विचारता घेतलेले दान हे दान नव्हे. दुसरा असा की मातेच्या रक्ताची कावीळ, उपदंश, एड्स इत्यादींसाठी तपासणी झाल्यावाचून तिच्या वारेचा कणही दुसऱ्याच्या अंगास लावता कामा नये.

तिसरे भय व्यापाराचे. मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा २०११ च्या दुरुस्तीने ऊतींनाही लागू झाला आणि त्यांच्या खरेदी-विक्रीस त्यात बंदी आहे. पण मनुष्याच्या मोहावर बंदी घालणारा कायदा अद्याप झालेला नाही. तारुण्य परत देणाऱ्या मलमांच्या आणि चूर्णांच्या जाहिराती आपण रोज पाहतो. कोलॅजेनची वेणी एवढी मोठी असते की मलमातून ती निरोगी त्वचेच्या आत शिरू शकत नाही. आणि पोटात घेतलेले कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणे पचून त्याचे तुकडे होतात. सुरकुत्यांच्या बाजारासाठी आईची वार मागणारा आणि भाजलेल्यासाठी मागणारा, या दोघांत भेद करावयास आपण शिकले पाहिजे.

आपल्या वाचकवर्गाला आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. जखमांवर लावण्याचे कोलॅजेनचे जे पापुद्रे बाजारात मिळतात, त्यांतील बरेचसे गोवंशाच्या कातड्यापासून केलेले असतात. काही डुकरापासून, काही माशांपासून. औषधाच्या प्रसंगी शास्त्राने सवलती दिल्या आहेत हे खरे, पण ज्यांच्या मनाला ते पटत नाही त्यांची कुचंबणा होते. वारेचे कोलॅजेन कोणत्याही प्राण्याला न मारता, न दुखविता मिळते. एका जीवाच्या आगमनाबरोबर ते आपसूक हाती येते. अहिंसेच्या दृष्टीने याहून निर्दोष द्रव्य शोधून सापडणे कठीण आहे. ज्यांना विटाळाची शंका येते त्यांना आम्ही एवढेच विचारू: सुतक फिटल्यावर आपण त्याच बाळाला देवाच्या पायांवर घालतो ना? मग त्याचे अंगडे धुऊन, तावूनसुलाखून दुसऱ्याला दिले तर ते अपवित्र कसे?

राहिला प्रश्न मातीचा. वार जन्मभूमीत पुरली नाही तर मूल परके होईल ही बायची मूळ भीती होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण आपल्या समाजाचा इतिहासच तिला उत्तर देतो. १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून नदीपलीकडे प्रियोळास यावे लागले. केळशीची शांतादुर्गाही त्याच शतकात कवळ्यास आली. देवांचीच मूळ जागा सुटली. भक्त तर कारवार, मंगळूर, मुंबई, नागपूरपर्यंत पांगले. त्यांच्या नाळा कोठे कोठे पुरल्या गेल्या याचा पत्ता आज कोणास आहे? तरीही जत्रेच्या दिवशी पालखीच्या मागे चालणाऱ्यांत त्यांचे वंशज असतातच. संबंध राहिला तो मातीत पुरलेल्या वस्तूमुळे राहिला नाही. तो घरात बोललेल्या भाषेने आणि देवापुढे लावलेल्या दिव्याने राहिला.

तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना आमची विनंती अशी. प्रसूतीच्या आधीच, घाईगर्दीच्या वेळी नव्हे, आपल्या प्रसूतिगृहास विचारावे की वार व आवरणे ऊतिपेढीस देण्याची सोय आहे काय. कागद नीट वाचावा. वस्तू कोठे जाणार, कशासाठी जाणार, तीवर कोणी पैसा करणार काय, हे विचारून घ्यावे. सोय नसेल तर ती का नाही हेही विचारावे, कारण मागणी झाल्याखेरीज सोयी होत नाहीत. निर्णय मात्र बाळंतिणीचा असावा. सासूचा, नवऱ्याचा किंवा वैद्याचा नसावा. तिने नको म्हटले तर तो शब्द अखेरचा समजावा. आणि बाळाच्या बेंबीचे सुकलेले टोक पडेल ते घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या हाती द्यावे, म्हणजे त्यांनाही त्यांचा विधी करता येईल.

बायने पणतूला अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. यंदा कार्तिकात बाळाला जामसांवलीच्या दर्शनास आणावयाचे ठरले आहे. तोपर्यंत तिने त्याच्यासाठी जुन्या लुगड्याची दोन अंगडी शिवून ठेवली आहेत, एक त्याला आणि एक पुढे ज्याला लागेल त्याला.